पॅसेंजर लूपवर उभी आहे
(रत्नागिरीत लघुरेल्वेच्या, म्हणजे टेबलावर मॉडेल रेल्वे उभारणाऱ्या, हौशी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, एचओ प्रमाणात, म्हणजे एकास सत्त्याऐंशी या मापात, कोकण रेल्वे जशीच्या तशी उभी करायची म्हटली तर रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरसाठी साडेआठ किलोमीटर रूळ लागतील. कुवारबावच्या स्टेशनापासून अंथरत निघालात तर शहर ओलांडून मांडवीच्या आसपास पोचाल. एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदाच पंचाहत्तर मीटर खाईल. वळणांचं तर बोलूच नका. हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांसमोर ठेवून आखलेला. त्यातलं सगळ्यात आवळ वळण धरलं तरी त्याची त्रिज्या साधारण १२५० मीटर. आपल्या मापात ती होते चौदा मीटरच्या वर. दुकानात मिळणारे वळणाचे रूळ असतात छत्तीस-चाळीस सेंटीमीटर त्रिज्येचे. दोन खोल्यांचं घर, त्यात एक खोली बायकोने मोठ्या मनाने दिलेली. तिथे चौदा मीटर आणायचे कुठून?

म्हणून आपण गाळतो. सगळेच गाळतात. आज मला बोलायचं आहे ते एवढंच, की कोकण रेल्वेच्या आठवणींवर जीव टाकणारे आपण नेमकं चुकीचं गाळतो आहोत.

रुळांच्या रुंदीचा वाद मात्र आज नको. तरी दोन वाक्यं बोलतोच, नाहीतर पहिल्या रांगेतले दोघं मला चहा घेऊ देणार नाहीत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला सत्त्याऐंशीने भागलं की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात मिळतो साडेसोळाचा रूळ, जो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजला बरोबर बसतो. म्हणजे आपली प्रत्येक गाडी परक्या गेजवर, पाय जवळ घेऊन धावते. काही जण हाताने सव्वाएकोणीसचे रूळ घालतात. त्यांना माझा नमस्कार. पण त्यांची गाडी अजून प्लॅटफॉर्म सोडून बाहेर पडलेली मी पाहिली नाही.

आता मुद्द्यावर. कोकण रेल्वेचं मॉडेल म्हटलं की पहिल्यांदा काय उभं राहतं? पानवल नदीचा पूल. रत्नागिरी आणि निवसरच्या मधला, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. तो मापात केला तर उंची चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, लांबी पावणेपाच मीटरच्या पुढे. लोक तो दीड मीटरचा करतात, खाली हिरवा भुसा पसरतात, वरून कोकणकन्या सोडतात आणि फोटो काढतात. फोटो छान येतो, नाकारत नाही. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी तो पूल गाडीतून पाहिला आहे? गाडीत बसलेल्याला पूल दिसतच नाही. खिडकीतून एकाएकी झाडांचे शेंडे पायाखाली जातात, चाकांचा आवाज पोकळ होतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘बघ बघ, पूल आला.’ म्हणेपर्यंत तो गेलेलाही असतो. आपण टेबलावर बांधतो ते चित्र कॅलेंडरवरचं आहे, प्रवाशाचं नव्हे.

प्रवाशाच्या आठवणीत काय आहे, ते पॅसेंजरला विचारा. दिवाणखवटी, कळंबणी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके, आडवली. ही नावं एक्सप्रेसच्या प्रवाशाने वाचली असतील, पण तिथे उतरणारा माणूस पॅसेंजरचा. जांभ्याची कापलेली दरड, तिच्यावर ताणलेली लोखंडी जाळी, प्लॅटफॉर्मवर पाच-सात माणसं, एक फणस आणि गाव कुठे आहे याचा पत्ता नाही. आपल्याकडे स्टेशनांच्या नावापुढे ‘रोड’ लागलं की समजायचं, पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस आहे. राजापूर रोडला उतरून राजापूर शोधणारे पाहुणे सगळ्यांच्या घरी येऊन गेलेले आहेत.

आणि क्रॉसिंग! एकेरी मार्गावर पॅसेंजरचं निम्मं आयुष्य लूप लाइनवर, म्हणजे दुसरीला वाट द्यायला बाजूला थांबायच्या रुळावर, जातं. २०२१ मध्ये रोहा ते वीर दुहेरी झालं, पण वीरच्या पुढे समोरून गाडी आली की कुणीतरी बाजूला व्हायचं, आणि ते कुणी व्हायचं हे ठरलेलंच असतं. सिग्नल लाल. पंखे फिरतात, गाडी हलत नाही. माणसं खाली उतरतात. कुणी पिशवीतून घावन काढतो, कुणी मुलाला झाडाखाली नेऊन आणतो, दोन अनोळखी बायका बोलता बोलता एकाच वाडीच्या निघतात. मग समोरून धाडधाड करत एखादी गाडी निघून जाते, आणि पाठोपाठ ‘चला चला’ सुरू होतं. गणपतीत येणाऱ्या चाकरमान्याला विचारा. तो वेगाबद्दल बोलणार नाही. गाडी कुठे किती वेळ रखडली, हेच सांगेल, आणि सांगताना चेहऱ्यावर वैताग कमी आणि मौज जास्त असेल.

हे सगळं आपण गाळतो. टेबलावर लंबगोल रूळ टाकतो आणि गाडी न थांबता फिरवतो. कोकणात न थांबणारी गाडी!

याचं एक कारण मला वाटतं ते असं, की आपण आठवण काढायची रीत घाटावरून उसनी आणली. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. डायनिंग कार, घाट चढणारी विजेची इंजिनं, वेळेचा तोरा, असं सगळं तिच्यापाशी आहे. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून आलेला मुलगा घरी आल्यावर इंजिनच मागणार. ज्या १९९८ साली ते लोकांसाठी उघडलं, त्याच वर्षी २६ जानेवारीला आपला मार्ग सलग सुरू झाला. तोही पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने जीव नकोसा केल्यावर. त्याआधी कोकणच्या माणसाला आगगाडी दिसायची ती दादर-ठाण्याला, दुसऱ्याची. तो स्वतः एसटीने यायचा किंवा पूर्वी बोटीने. तेव्हा राणीचा थाट आपल्याला आवडला, त्यात गैर काही नाही. पण तो थाट आपल्या पॅसेंजरला चढवू नका. तिला तो शोभत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं, पूल सोडा आणि एक स्टेशन धरा. एक मुख्य मार्ग, एक लूप, रूळ बदलायचे दोन सांधे, बाजूला दरड. आयसीएफचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, डबा मापात साधारण पंचवीस सेंटीमीटरचा होतो, म्हणून सहा डबे घ्या आणि अठरा मानून चाला. दोन्ही टोकांना पडद्यामागे गाड्या उभ्या करायची जागा ठेवा. सहापट वेगाचं घड्याळ लावा आणि वेळापत्रकाने चालवा. एक जण स्टेशन मास्तर, बाकीचे ड्रायव्हर. वाट बघायला लागते तेव्हा खेळ सुरू होतो.

साल मात्र आधी ठरवा, कारण विजेची तार लावायची की नाही ते त्यावर आहे. २०२२ पासून पूर्ण मार्गावर तार आहे. तार नको असेल तर अल्को बनावटीचं डिझेल इंजिन आणि निळे डबे घ्या. आवाजाची चिप असेल तर इंजिन उभं असतानाचा तो धापा टाकल्यासारखा आवाज नक्की चालू ठेवा. पळतानाच्या आवाजापेक्षा तोच जास्त ऐकलेला आहे आपण.

पावसाळ्यात आपल्याकडचं वेळापत्रक बदलतं, वेग कमी होतात, दरडींवर गस्त वाढते. टेबलावरही तसंच करा. नाहीतरी आपल्या खाऱ्या, दमट हवेत जूनमध्ये रूळ काळे पडतात, प्लायवूड फुगतं आणि गाडी अडखळते. पितळी रूळ असतील तर आठवडाभरातच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा आणि अडखळली की रागावू नका. कामथ्याला सिग्नल मिळाला नाही असं समजा.

चहानंतर मागच्या टेबलावर आपण तासभर हे प्रत्यक्ष करणार आहोत. दोन स्टेशन मास्तर हवेत, आणि पॅसेंजरचा ड्रायव्हर म्हणून चिडणारा माणूस नको. ज्यांना गाडी सतत पळतानाच बघायची आहे त्यांच्यासाठी खिडकीपाशी डेक्कन क्वीन गोल फिरते आहे. तिला कुणी अडवणार नाही.