अकरा महिन्यांचं शहर

(दृश्य : वाशीचा खाडीपूल. पहाटेची लोकल. खाली ओहोटीचा चिखल, बगळे.)

मानखुर्द सुटलं की डब्यात वारा शिरतो. खाडी लागते आणि पलीकडे वाशीच्या इमारती दिसू लागतात. रेल्वे इथवर आली १९९२ साली. नवी मुंबई हे शहर तिच्याआधीच वसायला लागलं होतं.

(दृश्य : जुना नियोजन नकाशा, त्यावरून सरकणारं बोट. मग ड्रोनमधून नेरूळचे सेक्टर.)

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर जमीन या आराखड्यात आली. एकच मोठं शहर न बांधता एकेक नोड, म्हणजे छोटं स्वतंत्र उपनगर, बांधायचा, प्रत्येक नोडला स्टेशन, बाजार, शाळा, मैदान, आणि नोडच्या पोटात क्रमांकाचे सेक्टर. म्हणून इथे पत्ता सांगताना गल्लीचं नाव येत नाही. ‘सेक्टर अठरा, प्लॉट सत्तावीस’ एवढं सांगितलं की रिक्षावाला मीटर टाकतो.

या नकाशात घर होतं, पण ते विकत घ्यायचं. अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च असे उत्पन्न गट, त्यांची सोडत, मग हप्ते. जमीन सिडकोचीच, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. म्हणजे मूळ रचनेत ज्याला आपण घरमालक म्हणतो, तोही जमिनीपुरता पट्टेदारच. भाड्याने राहायला येणाऱ्याचा गट मात्र सोडतीच्या अर्जात कधीच नव्हता. नोकरी लागली म्हणून बॅग घेऊन आलेला मुलगा, बदली झालेलं कुटुंब, मॉलमध्ये काम करणाऱ्या चौघी जणी यांनी राहायचं कुठे, याचं उत्तर नकाशाच्या बाहेर तयार झालं.

(दृश्य : करावे गाव. दोन इमारतींमधली अरुंद वाट. जिन्याखाली मीटरची रांग. मीटरवर कॅमेरा थांबतो.)

हे गावठाण. ज्यांची भातशेती आणि मिठागरं संपादनात गेली, त्यांची ही मूळ वस्ती. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड हातात पडायला मात्र अनेकांची वर्षं गेली. तोवर घरात मुलं मोठी झाली, सुना आल्या. जुन्या कौलारू घरावर स्लॅब पडला, त्यावर मजला, त्यावर आणखी एक. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा शब्द तिथून आला. शेती गेलेल्या कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे या खोल्यांचं भाडं.

करावे, शिरवणे, जुहूगाव, घणसोली, तुर्भे या गावांतून फिरलं की या शहराला भाड्याची स्वस्त खोली कुणी पुरवली ते दिसतं. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर पत्रा किंवा स्लॅब, दाराबाहेर दोन निळे ड्रम. नियोजनकारांनी जे काम सोडून दिलं ते गावांनी केलं, आणि त्याबद्दल गावांच्या वाट्याला ‘अनधिकृत’ हा शिक्का आला. इथे व्यवहार बहुतेक रोखीचा आणि तोंडी असतो. कागद नसल्यामुळे गॅसची जोडणी, बँक खातं, पासपोर्ट यासाठी पत्त्याचा पुरावा मिळत नाही.

(दृश्य : खारघर. ब्रोकरच्या काचेवर चिकटवलेले कागद. ‘वन बीएचके, सेमी फर्निश, फॅमिली ओन्ली.’)

सेक्टरमधलं घर ब्रोकरमार्फत मिळतं. अकरा महिन्यांच्या करारावर एक महिन्याचं भाडं ही ब्रोकरची रूढ दलाली, आणि ती तो दोन्ही बाजूंकडून घेतो. घर दाखवायला तो सकाळी अकरा-बाराला बोलावतो. तेव्हा जरूर जा, पण एकदा संध्याकाळीही जा. पाण्याची वेळ, पार्किंग, रस्त्यावरचे दिवे, समोरच्या हॉलचा लाऊडस्पीकर, सगळं तेव्हा कळतं. तळोजा एमआयडीसीच्या बाजूला घर पाहत असाल, तर एक फेरी रात्री उशिरा मारा. तिकडच्या रहिवाशांची वासाची तक्रार रात्रीचीच असते.

(दृश्य : रिकामा फ्लॅट. एक हात नाण्याने बाथरूमच्या छताला ठोकतोय. ठक, ठक, ठक, मग ढब.)

हा आवाज ऐका. तीन ठिकाणी भरीव आला, चौथ्या ठिकाणी पोकळ. सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि खाडीलगतच्या नव्या इमारतींतही हे सापडतं. खाऱ्या हवेतला ओलावा आणि वरच्या बाथरूमची गळती काँक्रीटमध्ये झिरपते, आतली सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी बारीक चीर पडते, मग तपकिरी डाग येतो, मग पापुद्रा सुटून खाली येतो. घर भाड्याने देण्याआधी रंग मारलेला असतो, त्यामुळे डाग दिसत नाही. पण रंगाचा एकच तुकडा बाकीच्या छतापेक्षा पांढरा दिसला, तर नाणं तिथे ठोकायचं. खिडकीबाहेर एसीच्या युनिटखालचा लोखंडी ब्रॅकेटही पाहून घ्या. तो किती खाल्ला गेलाय, त्यावरून त्या बाजूच्या हवेचा अंदाज येतो.

अशी इमारत धोकादायक ठरून पुनर्विकासाला गेली, तर पर्यायी घराचं भाडं विकसक मालकाला देतो. भाडेकरूला मिळते ती करारातली नोटीस.

(दृश्य : स्वयंपाकघराचं टेबल. लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं छोटं यंत्र. एका आजींचा अंगठा, काचेवरचा लाल प्रकाश.)

आता करार. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाल्यास अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. घरमालकांनीही हे लक्षात घ्यावं. मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा कलम २४ चा जलद मार्ग नोंदवलेल्या करारावरच सुरळीत चालतो, आणि मुदतीनंतर अडून बसलेल्याला दुप्पट भाडं भरावं लागतं तेही त्याच कलमामुळे.

खर्च किती? वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने असं उदाहरण घेऊ. भाड्याचे झाले दोन लाख वीस हजार. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचं साडेपाच हजार. बेरीज दोन लाख साडेपंचवीस हजार. तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. त्यावर दस्त हाताळणीचं शुल्क आणि घरी यंत्र घेऊन येणाऱ्याची फी. एका महिन्याच्या दलालीपुढे हा आकडा किरकोळ आहे. तरीही लोक टाळतात तो नेमका हाच खर्च.

सगळं ऑनलाइन होतं. मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्षांचे आधार आणि पॅन, भाडं, डिपॉझिट, मुदत, अटी भरायच्या. चलन भरायचं. मग फोटो आणि अंगठा, मालकाचा, भाडेकरूचा, दोन साक्षीदारांचा. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो आणि मंजूर झाल्यावर डिजिटल सहीचा होऊन परत येतो.

अडतं कुठे? अंगठ्यावर. वय झालेल्या किंवा आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्या ओळखत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून पुन्हा लावायचा. नाहीच जमलं तर दुसरं बोट. दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव, इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या खरेदी नोंदणीच्या उताऱ्यावर, सासरचं. तिसरी, घर नवराबायकोच्या दोघांच्या नावावर आणि हजर एकच. दोघांचे अंगठे हवेत, नाहीतर मुखत्यारपत्र. करारावर सही करणारा खरोखर मालक आहे ना, हे पाहायला इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराचं बिल मागून घ्या. तिन्हींवर एकच नाव असायला हवं. फक्त विजेच्या बिलावर विसंबू नका, त्यावर आधीच्या मालकाचं नाव वर्षानुवर्षं राहतं.

अकरा महिने ही सवय आहे, सक्ती नाही. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. तेहतीस महिन्यांचा करार, दरवर्षी ठरलेली वाढ, सुरुवातीचा काही काळ दोन्ही बाजूंनी लॉक-इन, म्हणजे कुणीच करार मोडायचा नाही, आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस. मुलांची शाळा ज्यांना बदलायची नाही, त्यांनी एवढं मागावंच. मोजक्या ओळींत बसतं.

(दृश्य : सोसायटीचं ऑफिस. भिंतीवर सूचना : ‘बॅचलर्सना फ्लॅट देऊ नये.’)

सोसायटीला कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती द्यावी लागते, पोलीस ठाण्याला भाडेकरूची नोंद द्यावी लागते, ती ऑनलाइनही होते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाचं देणं आहे. करारात ते आपल्या माथी मारलंय का, वाचून पाहा. अविवाहित आहे एवढ्यासाठी नकार देण्याला सोसायट्यांच्या नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधींत, आधार नाही. हा कागद तरीही भिंतीवर आहे.

(दृश्य : बेलापूरजवळ धारण तलाव. कांदळवन. नाल्याच्या तोंडाशी लोखंडी झडप, भरतीचं पाणी तिला टेकलेलं. लांब शॉट.)

तळमजल्याचं घर दोन-तीन हजारांनी स्वस्त का पडतं, ते इथे उभं राहिलं की समजतं. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली भराव टाकून वसवलाय. पावसाचं पाणी नाल्यांतून धारण तलावात येतं. भरती चढली की खाडीचं पाणी बाहेरून झडपेवर दाबतं आणि झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नको, पंप नको. पण झडपेत एक लाकडाचा ओंडका किंवा प्लॅस्टिकचा गोळा अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि खाडी उलटी आत येते. तलावात गाळ साचला की मधल्या तासांचा पाऊस मावत नाही. गाळात कांदळवन वाढलंय आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून गाळ काढण्याचं काम परवानग्यांत अडकतं. साडेचार मीटरवरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर सखल सेक्टरमध्ये पाणी भरतं.

(दृश्य : तळमजल्याची भिंत. जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी पिवळसर रेघ. त्यावर पांढरी खार.)

ही रेघ. तळमजला घेणार असाल तर पलंग सरकवून बघा, कपाटामागे बघा. वॉचमनला विचारा, जुलैत पाणी कितव्या पायरीपर्यंत येतं. त्याला अचूक माहीत असतं.

उन्हाळ्यातला प्रश्न उलटा. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरला तुलनेने बरं. खारघर, कामोठे, तळोजा, उलवे इथे एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च धरलाय की वेगळा मागतात, हे चावी घेण्याआधी विचारायचं.

(दृश्य : संध्याकाळ. टेम्पो. हातातला मोबाइल मीटरचा फोटो घेतोय. आकडे स्पष्ट.)

चावी घेताना आणि चावी देताना, दोन्ही दिवशी हा फोटो. युनिटचा आकडा आणि मीटरचा क्रमांक एकाच फोटोत यायला हवा. बिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या संकेतस्थळावर मागची थकबाकी दिसते, ती राहायला येण्याआधीच बघून ठेवायची. सोबत प्रत्येक नळ, गीझर, पंखा आणि भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याचे फोटो मालकाला त्याच दिवशी पाठवायचे. डिपॉझिट चावी देताना परत की महिन्याने, रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि कापायचे तर किती, हे करारात आकड्यानिशी लिहिलेलं असलं की शेवटच्या दिवशी दारात उभं राहून बोलण्यासारखं फार काही उरत नाही.

(दृश्य : टेम्पो भरतोय. कपाट, फ्रिज, भांड्यांची पिंपं. एक मुलगी कुंडी मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसते.)

सोसायट्या सामान हलवायला ठरावीक वेळ देतात, बहुतेक दुपारी, आणि लिफ्टचे वेगळे पैसे घेतात. गेटपास आदल्या दिवशी घ्यायचा. टेम्पोत जड सामान आधी, तळाशी, केबिनला टेकवून. फ्रिज उभा. गाद्या सगळ्यांत शेवटी चढवायच्या, कारण नव्या घरी पोचेपर्यंत रात्र होते आणि आधी त्याच लागतात.