वाटी रे वाटी : पोळ्याच्या झडतीतले शब्द

श्रावण अमावास्येची दुपार कलू लागली की वऱ्हाडातील गावोगावच्या आखरावर बैलजोड्या येऊन रांगेत उभ्या राहतात. आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपाने शेकलेले असतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ हे निमंत्रणही त्यांना देऊन झालेले असते. समोर आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले आहे. ते तुटले की पोळा फुटेल आणि जोड्या घरोघरी पूजेसाठी निघतील. परंतु त्याआधी या मैदानावर शब्दांचा एक खेळ रंगतो, ज्याला विदर्भात झडती म्हणतात.

एरवी झडती म्हटले की पोलिसांनी घेतलेली घराची तपासणी आठवते. इथली झडती म्हणजे चढ्या आवाजात म्हटलेले चार-सहा यमकबद्ध चरण असतात. एका बाजूची झडती संपली की दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायचे असते, आणि हाताशी कागद नसल्यामुळे ते पाठांतरातून किंवा तिथल्या तिथे सुचलेल्या शब्दांतून द्यावे लागते. सर्वांच्या ओठांवर असलेली एक झडती अशी आहे :

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशासाठी,
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी,
देव कवा धावला गरिबासाठी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

या रचनेची कारागिरी नीट पाहण्यासारखी आहे. पहिला शब्द दोनदा उच्चारल्याने यमक ठरते आणि म्हणणाऱ्याला पुढचा चरण जुळवायला तेवढा अवधीही मिळतो. ‘टी’ आणि ‘ठी’ यांचे यमक काव्यशास्त्रात चालेल का याची इथे कोणी चिंता करत नाही, कारण निवाडा कानाचा असतो. नैवेद्यासाठी ‘छप्पन भोग’ म्हणणाऱ्या भाषेने तोच आकडा इथे फाटक्या लुगड्याच्या गाठींना दिला आहे, आणि दोन पैशांसाठी रडणारा महादेव हा कापूस विकून घरी परतलेल्या शेतकऱ्याहून वेगळा राहिलेला नाही. म्हणूनच कापसाचा भाव, रुसलेला पाऊस आणि डोक्यावरचे कर्ज हे विषय झडतीत सहज शिरतात. ‘वाटी’ला ‘पऱ्हाटी’ जुळते, आणि पऱ्हाटी म्हणजे तर उभे कपाशीचे झाड.

वऱ्हाडी उच्चारांमुळे या खेळाला आणखी एक दार उघडते. इथे ‘ळ’चा ‘य’ होतो. पोळ्याला पोया, डोळ्याला डोया, गळ्याला गया म्हणतात. प्रमाण मराठीत ‘गळा’ आणि ‘दया’ कधी एका यमकात बसणार नाहीत, पण वऱ्हाडीत ते शेजारी बसतात. ‘काळा’ हा शब्द ‘काया’ होऊन देहवाचक ‘काया’शी आणि ‘माया’शी जुळतो. ज्या उच्चारांना शहरात अशुद्ध म्हणून हिणवले गेले, त्यांच्यामुळेच या बोलीला ही जास्तीची यमके मिळाली आहेत. ती पुस्तकी उच्चारात म्हणून पाहिली, तर तिथेच मोडतात.

जुने शब्दही या खेळात टिकून आहेत. जू, शिवळ, वखर, डवरा, तिफन या औत-अवजारांची नावे यमकाच्या गरजेने अजून घेतली जातात. ‘चाडा’ हा शब्द घ्या. तिफणीने पेरणी करताना बाई ज्या लाकडी तोंडात मूठ धरून दाणे सोडते, ते चाडे; तिथून तीन नळ्यांतून बियाणे तीन फणांमागच्या तासांत उतरते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पुष्कळ शिवारांतून तिफन हटवली, तरी ‘गाडा’, ‘वाडा’, ‘नाडा’ यांच्याशी जुळतो म्हणून चाडा आखरावर ऐकू येतो. शब्दकोशात तो मिळेल, पण खड्या आवाजात, गर्दीच्या हुंकारासह तो इथेच मिळतो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि खेळ मुलांच्या हाती जातो. चाकांवर बसवलेले लाकडी नंदी ओढत मुले मैदानावर येतात. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा छाती पुढे काढून कालच ऐकलेली झडती म्हणतो, शेवटी सर्वांच्या बरोबरीने ‘हर हर महादेव’ गरजतो, बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या बक्षिसीचे, पैसे खिशात घालतो आणि मग ओट्यावर बसलेल्या आजोबांकडे येतो.

“आबाजी, चाडा म्हंजे काय असते?”

म्हातारा उत्तर देत नाही. तो नातवाचे दोन्ही तळहात धरून त्यांची ओंजळ करतो, खाली थोडी फट ठेवतो, आणि शेजारच्या सुपातले ज्वारीचे दाणे मुठीत घेऊन त्या ओंजळीत एकेक करून सोडू लागतो.