पहिल्या प्रयोगाची नोंद

(लंडन. थेम्सचा दक्षिण काठ. नॅशनल थिएटरची काँक्रीटची इमारत.)

ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय नाटकांची नोंद ठेवणारा एक संग्रह या थिएटरचा आहे. त्याची गरज का पडली, ते आधी पाहू. 2005 साली लंडनच्या वेस्ट एंडवर, म्हणजे शहरातल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, गॅरिक थिएटरमध्ये, 'एल्मिनाज किचन' हे नाटक लागलं. हॅकनी भागातल्या एका कॅरिबियन खानावळीत घडणारं. लेखक क्वामे क्वेई-आर्मा. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय लेखकाचं वेस्ट एंडवर आलेलं पहिलं नाटक म्हणून त्याचं कौतुक झालं. कौतुक रास्तच होतं.

पण त्याच वेस्ट एंडवर 31 वर्षं आधी, 1974 मध्ये, मुस्तफा मतुरा यांचं 'प्ले मास' येऊन गेलं होतं. मतुरा जन्माने त्रिनिदादचे, त्यामुळे 2005 मधला दावा चुकीचा ठरत नाही. तरी त्या वेळी गॅरिकमध्ये बसलेल्या किती प्रेक्षकांना 'प्ले मास' आठवत असेल?

(पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदादची राजधानी. कार्निव्हलची मिरवणूक, रंगवलेले चेहरे.)

'मास' म्हणजे कार्निव्हलमधलं सोंग. नाटक सुरू होतं पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका शिंप्याच्या दुकानात. दुकानाचे मालक गोकूल, भारतीय वंशाचे. हाताखाली कामाला सॅम्युअल, आफ्रिकी वंशाचा. पुढे देश स्वतंत्र होतो आणि उत्तरार्धात हाच सॅम्युअल पोलीस खात्यातला बडा अधिकारी झालेला दिसतो. सत्ता हातात आल्यावर माणूस कोणतं सोंग चढवतो, हे मतुरांनी नेमकं पकडलंय. त्यांचं मूळ नाव नोएल मथुरा. वडील भारतीय वंशाचे. वसाहतीतल्या मजुरांच्या इतिहासात हे आडनाव समुद्रापार गेलं आणि लंडनच्या रंगभूमीवर पोचलं, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं.

नाटक छापलं गेलं नाही, किंवा छापून बाजारातून गेलं, की दुसरा दिग्दर्शक ते हातात घेत नाही. नवे प्रयोग नाहीत म्हणून चर्चा नाही, चर्चा नाही म्हणून पुन्हा छपाई नाही. मग पुढच्या पिढीतला लेखक आपल्या आधी कोणी नव्हतंच असं धरून चालतो. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याचं पूर्वसंचितच काढून घेतलेलं असतं.

क्वेई-आर्मा यांना हे जाणवलं होतं. त्यांच्या कल्पनेतून नॅशनल थिएटरचा 'ब्लॅक प्लेज अर्काइव्ह' उभा राहिला. ब्रिटनमध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या प्रत्येक आफ्रिकी, कॅरिबियन आणि कृष्णवर्णीय ब्रिटिश नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची ही ऑनलाइन सूची. सोबत मुलाखती, अभ्यासकांचे लेख आणि निवडक नाटकांतल्या प्रवेशांची ध्वनिमुद्रणं. ही ध्वनिमुद्रणं मला फार मोलाची वाटतात. संवाद कॅरिबियन बोलीत लिहिलेला असतो. कागदावर डोळा अडखळतो, पण नटाच्या तोंडून तोच संवाद ऐकला की त्याचा ताल लगेच कळतो.

(जुनी टंकलिखित पानं. कडा पिवळ्या पडलेल्या.)

अशा नोंदींची गरज किती, हे सी. एल. आर. जेम्स यांच्या एका संहितेवरून कळतं. जेम्स त्रिनिदादचे. आपल्याकडे त्यांना ओळखतात ते क्रिकेटवरच्या लेखनामुळे. हैतीमधल्या गुलामांच्या यशस्वी उठावावर त्यांनी 'तुसाँ लुव्हेर्त्यूर' हे नाटक लिहिलं. मार्च 1936 मध्ये वेस्टमिन्स्टर थिएटरला त्याचे फक्त दोन प्रयोग झाले. नायकाच्या भूमिकेत साक्षात पॉल रोबसन, अमेरिकेचा गाजलेला कृष्णवर्णीय नट आणि गायक! एवढा मोठा नट, एवढा मोठा लेखक, आणि तरी संहिता हरवली. पुढची जवळजवळ 70 वर्षं ती गेलीच असं समजत होते. 2005 मध्ये ख्रिश्चन ह्योग्सबर्ग या अभ्यासकाला हल विद्यापीठातल्या कागदपत्रांत तिची टंकलिखित प्रत सापडली. ती होती जॉक हास्टन या डाव्या कार्यकर्त्याच्या दप्तरात. नाटकाच्या संग्रहात तिचा कोणी शोध घेतला असता, तर ती मिळाली नसती.

जमैकाच्या उना मार्सन यांचं 'ॲट व्हॉट अ प्राइस' हे नाटक वेगळ्याच वाटेने टिकून राहिलं. किंग्स्टनमध्ये स्टेनोग्राफरची नोकरी करायला आलेली खेड्यातली मुलगी, तिचा गोरा साहेब, आणि त्या नात्याची तिला एकटीला मोजावी लागणारी किंमत. 1934 च्या जानेवारीत लंडनच्या स्काला थिएटरमध्ये हे नाटक झालं. त्या काळी जाहीर प्रयोगाआधी संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयात मंजुरीसाठी द्यावी लागे. 1968 मध्ये ही सक्ती उठली. सेन्सॉरकडे जमा झालेल्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांत मार्सन यांचं नाटकही आहे. साम्राज्याचा हा जाच मराठी रंगभूमीलाही ठाऊक आहे. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वरची बंदी त्याच मुशीतली.

(ब्रिस्टल, सेंट पॉल्स. रस्त्याकडेचा अर्धपुतळा.)

आणि हे आल्फ्रेड फेगन. जमैकात जन्मलेले, ब्रिस्टलमध्ये राहिलेले नट आणि नाटककार. 1986 साली लंडनमध्ये घराबाहेर हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ओळख पटत नाही असं पोलिसांनी सांगितलं आणि बेवारस म्हणून त्यांचा अंत्यविधी उरकला गेला. मित्रांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. ज्याची नाटकं रॉयल कोर्ट आणि हॅम्पस्टेड या लंडनच्या नाट्यगृहांत झाली, त्या माणसाची ही गत. पुढच्या वर्षी त्यांचा हा पुतळा इथे बसला. त्यांच्या नावाने कृष्णवर्णीय ब्रिटिश नाटककारांसाठी पुरस्कार सुरू झाला. 1997 मध्ये तो पहिल्यांदा मिळाला रॉय विल्यम्स यांना. फेगन यांचं 1975 चं 'द डेथ ऑफ अ ब्लॅक मॅन' 2021 मध्ये त्याच हॅम्पस्टेड थिएटरमध्ये पुन्हा उभं राहिलं.

ब्लॅक प्लेज अर्काइव्हच्या सूचीत तुम्ही पहिल्यांदा शिरणार असाल, तर 1970 च्या दशकापासून सुरुवात करा. मतुरा, फेगन, मायकेल अबेनसेट्स. मग विन्सम पिनॉक यांच्या 'लीव्ह टेकिंग'कडे या. 1987 मध्ये लिव्हरपूलला आलेलं हे नाटक जमैकाहून आलेली आई आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या तिच्या दोन मुली यांचं आहे. परदेशात मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही मराठी घराला त्यातली भांडणं ओळखीची वाटतील.