टेक्सास ट्रिप: ‘व्हेज आहे का?’ विचारू नका, हे तीन प्रश्न विचारा

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: आईबाबा येतायत, पाच दिवस आहेत, ह्यूस्टनहून निघायचंय, काय दाखवू आणि त्यांना खायला काय घालू? दाखवायचं सोपं आहे, ते भराभर सांगते. खाण्यापाशी मात्र थांबणार आहे, कारण खरा घोळ तिथेच होतो.

[पडद्यावर नकाशा]

ह्यूस्टन ते सॅन अँटोनियो 320 किलोमीटर, तिथून ऑस्टिन 130, ऑस्टिनहून परत ह्यूस्टन 265. हा त्रिकोण पाच दिवसांत आरामात होतो. यात बिग बेंड नॅशनल पार्क कोंबू नका. सॅन अँटोनियोहून ते एका बाजूने साधारण 650 किलोमीटर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस गेले. आणि टोलनाक्यावर पैसे घ्यायला कुणी नसतं, नंबरप्लेटचा फोटो निघून बिल येतं. भाड्याची गाडी घेताना कंपनी टोलवर रोजचं वेगळं शुल्क लावते का, ते काउंटरवरच विचारून घ्या.

ह्यूस्टनला नासाचं स्पेस सेंटर. दार उघडायच्या वेळेला पोहोचा आणि आत गेल्या गेल्या आधी ट्रॅमचं बघा, प्रदर्शनं नंतर. ट्रॅमने रॉकेट पार्कला गेलात की शेडमध्ये आडवं ठेवलेलं सॅटर्न 5, म्हणजे चंद्रमोहिमांचं रॉकेट दिसतं, 110 मीटर लांब. जगात तीनच उरलीयत, आणि सगळे भाग खऱ्या उड्डाणासाठी बनवलेले आहेत असं हे एकटंच. एका टोकाला पाच इंजिनांची तोंडं आहेत, तिथून चालायला सुरुवात करा, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. अपोलो चंद्रमोहिमांच्या वेळची कंट्रोल रूम 2019 मध्ये होती तशी पुन्हा मांडलीय, पण तिचं तिकीट वेगळं आणि जागा मोजक्या. जिनेही बरेच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्टचं आधी विचारा, मगच तिकीट काढा.

सॅन अँटोनियोला सगळे फक्त अलामो बघून परत फिरतात. अलामो, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांची जुनी वसाहत, ‘मिशन’, बघाच. चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. पण नदीच्या काठाने दक्षिणेला आणखी चार मिशन आहेत: कन्सेप्सिओन, सॅन होसे, सॅन हुआन, एस्पादा. पाचही 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि या चारांना तिकीटच नाही. वेळ एकाचाच असेल तर सॅन होसे. तिथल्या खिडकीभोवतीचं दगडी कोरीवकाम जवळून बघा. ही चर्चेस आजही चालू आहेत, त्यामुळे रविवारी प्रार्थनेच्या वेळी आत फोटो काढत फिरू नका.

एन्चँटेड रॉक. ऑस्टिनच्या पश्चिमेला फ्रेडरिक्सबर्ग गाव आहे, त्याच्या उत्तरेला गुलाबी ग्रॅनाइटचा अख्खा एक घुमट, पायथ्यापासून 425 फूट. इथे लोक एकच चूक करतात: डे पास न काढता जातात. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरल्या की गेट बंद, आणि मग दोन तास गाडी चालवून आलेली मंडळी गेटवरून परत. पास 30 दिवस आधीपासून मिळतो, तो काढूनच निघा. उन्हाळ्यात सकाळी लवकर चढा, नंतर दगड तव्यासारखा तापतो. वर खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, त्यात फेअरी श्रिंप नावाचे कोळंबीसारखे इवलेसे जीव जगतात. त्या डबक्यांत पाय घालू नका, कोरडी असली तरी नाही, त्यांची अंडी तिथल्याच मातीत असतात.

आता खाणं.

कमेंट्समध्ये सल्ला दिसतो, ‘मेक्सिकन खा, राजमा-भातच असतो.’ बाबांनो, तो राजमा-भात नाही! रिफ्राइड बीन्स, म्हणजे शिजवून घोटलेले बीन्स, परंपरेने लार्डमध्ये करतात. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. मऊ लुसलुशीत, चमकदार दिसतात ना, ती चमक बऱ्याचदा त्याचीच. सगळीकडे घालतात असं नाही, पण नुसतं बघून कळत नाही. आणि तुम्ही ‘इज इट व्हेज?’ विचारता, वेटर ‘येस’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी व्हेजिटेरियन म्हणजे ताटात मांसाचा तुकडा नाही. मुंबईत ‘जैन पावभाजी’ म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा गेला हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ दोघांना एकच माहीत असतो. इथे तसा सामायिक शब्दच नाही. म्हणून शब्द नाही, पदार्थ विचारायचा.

तीन प्रश्न. बीन्समध्ये लार्ड आहे का? भात चिकन स्टॉकमध्ये शिजवलाय का? सॉसमध्ये मांस आहे का? भाताचा प्रश्न सगळे विसरतात. तो केशरी भात टोमॅटोमुळे केशरी असतो, पण पाण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी कोंबडीचं पाणी असतं. आणि चीज एन्चिलाडा, म्हणजे मक्याच्या पोळीची गुंडाळी! आत नुसतं चीज, वर ओतलेली तपकिरी चिली ग्रेव्ही मात्र अनेकदा बीफची. समोरच्याला स्पॅनिश जास्त सोयीचं असेल तर ‘सिन मान्तेका?’ एवढंच विचारा, म्हणजे ‘लार्डशिवाय?’

मग मागवायचं काय? मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी. तिच्यात मका, चुना आणि पाणी, चरबी लागतच नाही. मैद्याच्या टॉर्टियाला मात्र लार्डचा प्रश्न लागू. रिफ्राइडऐवजी अख्खे ब्लॅक बीन्स, पण प्रश्न तोच विचारून. चारो बीन्स नकोतच, त्यात बेकन, म्हणजे डुकराचं मांस असतं. अंडं चालत असेल तर ऑस्टिनचा बटाटा-अंडं-चीजचा ब्रेकफास्ट टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया आहेच. मिगास टाकोही घ्या: अंड्यात मक्याच्या टॉर्टियाचे कुरकुरीत तुकडे, म्हणजे आपल्या फोडणीच्या पोळीचा लांबचा भाऊ.

बार्बेक्यूच्या दुकानात तर हेच दुप्पट लागू. बीन्समध्ये ब्रिस्केटचे, म्हणजे बीफचे तुकडे, फरसबीत बेकन. शाकाहारी माणसाला उरतं कोलस्लॉ (कोबीचं सॅलड), बटाट्याचं सॅलड, मॅक अँड चीज. पहिल्या दोन्हींत बहुतेक मेयोनीज, म्हणजे अंडं. आईबाबा कट्टर शाकाहारी असतील तर त्यांना तिथे ताटकळत ठेवू नका. ह्यूस्टनला हिलक्रॉफ्ट रस्त्यावर महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट हा भारतीय दुकानांचा आणि हॉटेलांचा भाग आहे, तिथे पोटभर जेवू द्या.

मांसाहारी पण बीफ न खाणाऱ्यांसाठी: ब्रिस्केट हे बीफच. सॉसेजही बहुधा बीफ, डुक्कर किंवा दोन्ही, विचारा. टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) मागा, पण ‘आत्ता कापून द्या’ म्हणा, कापून ठेवलेली कोरडी पडते. सुरी आणि फळी सगळ्याला एकच असते, तेही लक्षात ठेवा. बीफ खाणाऱ्यांनी ऑस्टिनपासून 50 किलोमीटरवर लॉकहार्ट गाठावं. तिथलं क्रॉइट्झ मार्केट 1900 पासूनचं, ब्लॅक्स 1932 पासूनचं. मांस पौंडावर मिळतं. माणशी अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पुरतं. ‘लीन’ कोरडं, ‘मॉइस्ट’ चरबीचं. पहिल्यांदा खाताय तर मॉइस्ट. संपलं की दुकान बंद, त्यामुळे जेवणाच्या वेळेच्या आधीच पोहोचा.

रस्त्यात कोलाचे दिसतील. चेक लोकांचा गोड पाव, मध्ये जर्दाळू किंवा चीज. सॉसेज भरलेल्यालाही इथे कोलाचेच म्हणतात, म्हणून बोट दाखवून विचारा. कणकेत अंडं असतं.

शेवटची कमेंट: ‘कोणत्या महिन्यात येऊ?’ मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंना निळी ब्लूबॉनेट फुललेली असतात. उन्हाळ्यातच जमणार असेल तर फ्रेडरिक्सबर्गच्या रस्त्यावर पीचचे स्टॉल लागतात, आणि ऑस्टिनच्या काँग्रेस अव्हेन्यू पुलाखाली वटवाघळांची पिल्लं उडायला लागलेली असतात. थवे बाहेर पडताना बघायला ऑगस्टमध्ये सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पुलाच्या पूर्वेच्या कठड्याशी उभे राहा. ते पीच सोबत ठेवा, त्यांना कुठलाच प्रश्न विचारावा लागत नाही.