हात हलवणारा माणूस करतो तरी काय

नमस्कार श्रोतेहो. आपल्या नागपुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीचा मांडव आठवतो, महालातल्या नाहीतर धरमपेठेतल्या एखाद्या मंडळाचा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन गायक अन् जुनी हिंदी गाणी. मी स्वतः कितीतरी वर्षं अशा ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलंय, तो शब्द मला फार प्रिय आहे. पण आज ज्या ऑर्केस्ट्राबद्दल सांगायचंय तो वेगळा, ऐंशी-नव्वद माणसं खुर्च्यांवर बसलेली, अन् समोर एकच माणूस उभा, जो एकही सूर वाजवत नाही. माझ्या आईनं टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, "का रे, हा नुसते हातवारे करून राहिला, याला पैसे कशाचे देतात?" प्रश्न अगदी बरोबर होता, त्या उभ्या माणसाला कंडक्टर म्हणतात, अन् आईच्या प्रश्नाचं उत्तर मला अशाच एका मोठ्या कंडक्टरच्या, झुबीन मेहतांच्या, आयुष्यात सापडलं.

जन्म मुंबईचा, पारशी घरातला, २९ एप्रिल १९३६. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे, त्यांनीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे विचार करा, मुलगा खेळतोय, जेवतोय, अभ्यास करतोय अन् बाजूच्या खोलीत रिहर्सल सुरू. मग वडील शिकायला न्यूयॉर्कला गेले, परत यायला चारेक वर्षं लागली, त्या काळात पोरानं घरातल्या रेकॉर्डी ऐकून ऐकून झिजवल्या असतील असं मला नेहमी वाटतं. पुढं सेंट झेवियर्समध्ये डॉक्टरकीच्या वाटेवरचा अभ्यास सुरू झाला. आता आपल्याकडं बारावीच्या पोराच्या घरी काय वातावरण असतं ते मी नागपूरकरांना काय सांगू, पण या मुलानं ते शिक्षण मधेच सोडलं अन् १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, थेट व्हिएन्ना गाठलं.

तिथले गुरू हान्स स्वारोव्स्की, कंडक्टिंग शिकवणारे. पण मला सगळ्यात आवडतो तो भाग वेगळाच आहे. झुबीन तिथं डबल बास वाजवायला शिकले, ते माणसाएवढं उंच वाद्य, ऑर्केस्ट्राच्या कडेला उभं राहून वाजवायचं, ज्याच्याकडं प्रेक्षकांचं लक्षही जात नाही. तिथून आख्खा ऑर्केस्ट्रा आतून ऐकू येतो नं. अन् दुसरी गोष्ट म्हणजे मोठमोठ्या कंडक्टरांच्या रिहर्सलला विद्यार्थ्यांना बसू देत नसत, तर हे अन् त्यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अबाडो, जो पुढं स्वतः जगातला फार मोठा कंडक्टर झाला, दोघं जण चक्क कोरसमध्ये भरती झाले! खर्जातल्या आवाजांच्या रांगेत उभं राहून गायचं अन् नजर सगळी समोरच्या कारायान या नामांकित कंडक्टरच्या हातावर. ऑर्केस्ट्राला कंडक्टरची पाठ कधी दिसत नाही, चेहराच दिसतो, अन् तो बघायला यांनी हा रस्ता काढला. शिकायची अशी भूक मी फार कमी ठिकाणी वाचलीय.

आता आईच्या प्रश्नाकडं येतो. वाजवणाऱ्यापुढं फक्त त्याच्या वाद्याचा कागद असतो. कंडक्टरपुढं असतो स्कोअर, त्यात एका पानावर सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक, बासरीपासून डबल बासपर्यंत, अन् त्यात पुन्हा क्लॅरिनेट, हॉर्न अशांची पट्टी वेगळी लिहिलेली, म्हणजे कागदावर 'सा' दिसतो पण वाजतो दुसराच सूर. हे सगळं एका नजरेत वाचून मनात आधी ऐकायचं, अन् मग समोर जे वाजतंय ते त्या मनातल्याशी जुळतंय का ते क्षणाक्षणाला तपासायचं. म्हणजे मुख्य काम कानाचं, हात नंतर. अन् हाताचंही बघा, आपल्याकडं जशी सम असते तसा तो खाली येणारा हात सगळ्यांना दिसतो, पण खरी गोष्ट त्याआधी हात वर जातो त्यात असते, लय किती, आवाज मऊ की दणदणीत, सगळं त्या उचलीतच आलं, अन् फुंकीची वाद्यं वाजवणारे त्याच्याबरोबरच श्वास घेतात. खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो. उजवा हात साधारण लय धरतो, डावा सांगतो की आता व्हायोलिनांनो जरा दबून, आता ट्रम्पेट तुम्ही या.

पुढची वाटचाल भराभर सांगतो. १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली, मग एकेक ऑर्केस्ट्रा हाती येत गेला, १९६१ मध्ये मॉन्ट्रियलचा, १९६२ मध्ये सव्विसाव्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक, १९७८ पासून तेरा वर्षं न्यूयॉर्कचा, अन् इस्रायल फिलहार्मोनिकशी तर २०१९ पर्यंत पन्नास वर्षांचं नातं. न्यूयॉर्कला असताना पंडित रविशंकरांचा सतारीचा दुसरा कंचेर्टो, म्हणजे सतार पुढं अन् ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, त्यांनीच वाजवून घेतला. २००१ मध्ये पद्मविभूषण.

पण माझ्या मनात राहतात त्या दोन जागा वेगळ्या. १९५६ मध्ये हंगेरीतनं पळून आलेले लोक व्हिएन्नाबाहेरच्या छावणीत राहत होते, तेव्हा या विद्यार्थ्यानं आठवड्याभरात सोबतच्या विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा जमवला अन् त्यांच्यासाठी कार्यक्रम केला. अन् १९९४ मध्ये बोस्नियातल्या सारायेव्होत, युद्ध सुरू असताना, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत. मध्ये अडतीस वर्षं गेली, जगभर नाव झालं, पण माणूस त्याच ठिकाणी जाऊन उभा राहिला जिथं लोकांकडं काही उरलं नव्हतं.

आज ऐकण्यासाठी मी जर्मन संगीतकार ब्राह्म्सची पहिली सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, निवडलीय, तिची फक्त सुरुवात. मोजायचंच असेल तर दादऱ्यासारखं सहा-सहा मात्रांत मोजा, पण लय अगदी संथ आहे. वर व्हायोलिनं चढत जातात, कान तिकडं ओढला जाईल, तरी पहिल्यांदा तळाशी लक्ष द्या. टिम्पनीचे, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्याचे, एकसारखे ठोके पडतात अन् त्यांच्यासोबत तानपुऱ्यासारखा एकच सूर सतत वाजत राहतो, हलतच नाही. तो डबल बास.