हस्ताच्या सरी ओसरल्यावर: कुंडीतल्या गुलाबाची छाटणी

(दृश्य: गच्चीवरच्या कुंड्या, पावसानंतरचं ऊन)

सप्टेंबर संपत आलाय. पुण्यातल्या गच्च्यांवर गुलाब चार महिने भिजलेत. पानांवर काळे ठिपके, बुडखा उघडा, फांद्या उंच आणि लुकड्या. कात्री उचलावीशी वाटते, पण घाई नको. हस्त नक्षत्र १० ऑक्टोबरच्या सुमारास संपतं, तोवर दुपारनंतर हत्तीचा पाऊस कधीही गाठतो. ताज्या कापावर पाणी बसलं की बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. आठवडाभर उघडीप मिळाली, की मगच छाटायचं.

(दृश्य: बुंधा, कलमाचा सांधा)

आधी बुंधा बघा. कलमाच्या सांध्याखालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा, रानटी. तो वरून कापला तर दुप्पट जोमानं येतो. माती बाजूला करून मुळाशी ओढून काढा. मग वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी अशा ३ ते ५ फांद्या ठेवा, उंची साधारण दीड फूट. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटीमीटर वर तिरका काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. कापाचा गाभा तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत खाली या. वेली गुलाबाला मात्र हे माप लावू नका. त्याची फक्त वाळकी फांदी काढायची.

(दृश्य: प्लॅस्टिकचे वाडगे, निळं द्रावण)

कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप. १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे, प्रत्येकी ५० मिलिलिटर पाण्यात कालवून एकत्र करा. भांडं लोखंडी नको. स्वच्छ खिळा बुडवून बघा: त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी वापरा.

(दृश्य: कुंडीतली माती उकरताना)

१२ इंची कुंडीतली वरची दोन इंच माती काढून दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. तळाचं भोक काडीनं मोकळं करा, पावसाळ्यात ते गाळानं हमखास बुजतं.

छाटलेला गुलाब सगळ्यात जास्त मरतो तो पाण्यानं. पानंच नसल्यामुळे झाड पाणी फारसं उडवत नाही; आपण मात्र ऑक्टोबरच्या उन्हाला घाबरून रोज ओततो आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. रासायनिक खतही नवे फुटवे बोटभर होईपर्यंत नको.

(दृश्य: तांबूस पालवी)

तांबूस पालवीवर मावा येतोच. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. साधारण सहा-सात आठवड्यांत फूल. ते उतरवताना पाच पर्णिकांच्या (एकाच देठावरच्या पाच छोट्या पानांच्या) पानाच्या वर कापा; पुढचा जोमदार फुटवा तिथूनच येतो.