दार का बसेना?

श्रोतेहो, नमस्कार. गगनबावड्याकडं धुकं उतरलंय, पाऊस काही उसंत देत नाही. आज डोंगर सरकतो कसा, ते बघू. पण आधी आमच्या आत्याच्या दाराची गोष्ट.

आत्याचं घर घाटमाथ्याजवळच्या वाडीत. दार फणसाचं, जाड फळ्यांचं. आताची ती प्लायवूडची दारं, एका पावसात पापुद्रे सुटतात! असो. एका श्रावणात दार चौकटीत बसेना. पावसानं फुगलं असेल म्हणून सुतारानं रंधा मारला. पुढच्या वर्षी तेच, परत रंधा. मग भर उन्हाळ्यात दार अडलं, तशी आत्या कडाडली, "तुझ्या हाताला झालंय काय?" सुतार काही बोलला नाही. चौकटीला ओळंबा लावून बघत बसला आणि म्हणाला, "आत्या, दार बराबर हाय. घर कललंय."

संध्याकाळी आम्ही घरामागचा उतार चढलो. कारवीच्या जाळीत भेग होती, कोयत्यासारखी वाकडी. काठी घातली, तर अख्खी आत गेली. खाली शेताचा बांध पोटुशीसारखा फुगलेला.

लक्षात ठेवा, वर भेग, मध्ये कललेलं घर, खाली फुगवटा. घाटातला काळा कातळ कुजून त्याचा मुरूम होतो, चिकणमाती होते. मुरलेलं पाणी त्या चिकणमातीवर अडतं, दाब वाढतो, वरच्या थराची पकड सुटत जाते. वरवरची दरड एका जोराच्या सरीत कोसळते. खोल दरड वर्षानुवर्षं बोट-दोन बोटं सरकते आणि कधीतरी एकदम सुटते, पाऊस उघडल्यावरसुद्धा. इटलीत वायोंत धरणावरच्या डोंगराला १९६० मध्येच लांबलचक भेग पडली होती. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर जलाशयात उतरला.

झाडं लावा म्हणतात. लावा की! पण वीस-तीस मीटर खोल सरकणाऱ्या थराला मुळं कशी धरणार? आणि रस्ता रुंद करायला पायथा कापला, की डोंगराचा टेकूच काढला. पुन्हा सांगतो, वर भेग, खाली फुगवटा. आणि पाऊस नसताना झरा गढूळ झाला, तर त्या रात्री तिथं झोपू नका.

आत्यानं मिरगाच्या आधी घर सोडलं. दार मात्र उचकटून सोबत नेलं. नव्या घरात ते बसतं झकास, फक्त रंधा इतका मारलाय, की फटीतून शेजारचं मांजर येतं.